टीबीचा नमुना ‘कंटॅमिनेटेड’ का येतो, आणि तो तसा येऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहात. ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची चाचणी) तुमच्याकडेच होतं, कल्चरचे (जंतू वाढवून बघायच्या चाचणीचे) नमुने संदर्भ प्रयोगशाळेकडे जातात. गेल्या दोन महिन्यांत चार फॉलो-अप नमुन्यांवर ‘कंटॅमिनेटेड, नवीन नमुना पाठवा’ असा शेरा आला. त्यातल्या एका आजोबांना त्यासाठी पुन्हा चाळीस किलोमीटर एसटीने यावं लागलं. शिवाय एका बाईंचा ट्रूनॅट ‘व्हेरी लो’ पॉझिटिव्ह आला. त्यांचा एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला थांबलाय, आणि त्यांच्या नमुन्याच्या आधी त्याच टेबलावर एक ‘हाय’ पॉझिटिव्ह नमुना झाला होता. हेही कंटॅमिनेशनच का, आणि दोन्ही कसं थांबवायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी या दोन गोष्टी वेगळ्या करूया. त्या चार फॉलो-अप नमुन्यांत झालं ते असं: तोंडातले, हवेतले, डबीतले भलते जंतू आणि बुरशी वाढली आणि टीबीचे जंतू त्यांच्याखाली दबले. याने उत्तरच मिळत नाही. बाईंच्या बाबतीत शंका आहे ती एका पेशंटचे टीबीचे जंतू, किंवा नुसता त्यांचा डीएनए, दुसऱ्याच्या नमुन्यात जाण्याची. याने उत्तर मिळतं, पण चुकीचं. पहिल्यात पेशंटचा वेळ जातो. दुसऱ्यात निरोगी माणसाला सहा महिने औषधं सुरू होऊ शकतात. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून उपायांची सरमिसळ होते आणि लोक डबी नीट करायच्या ऐवजी टेबल घासत बसतात.

पहिल्या प्रकाराचं मूळ बहुतेक वेळा तुमच्या लॅबच्या बाहेर असतं. आपल्या फॉर्मवर, बोर्डावर, सगळीकडे ‘थुंकी तपासणी’ लिहिलेलं आहे. माणूस ते वाचतो आणि थुंकतो. आपल्याला हवा असतो छातीतला बेडका. थुंकी म्हणजे लाळ: तोंडातल्या जंतूंनी भरलेली आणि टीबीच्या जंतूंनी जवळजवळ रिकामी. म्हणजे एकाच चुकीत दोन्हीकडून नुकसान. मी गेली कित्येक वर्षं पेशंटशी बोलताना ‘थुंकी’ हा शब्द तोंडातून काढत नाही. ‘बेडका’ म्हणते, समोरच्याला तो कळला नाही तर ‘छातीतला कफ, खाकरून काढलेला’. एवढ्या एका शब्दाने डबीत काय येतं ते बदलतं, हे मी स्वतः पाहिलंय.

एक प्रसंग सांगते. एक मावशी आल्या होत्या, शेतात काम करणाऱ्या. टेक्निशियनने खिडकीतून डबी दिली, म्हणाला, ‘यात थुंका आणि आणून द्या.’ दोन मिनिटांत डबी परत. आत पाण्यासारखा पातळ फेस, त्यात तांबूस-काळे कण. मी मावशींना घेऊन मागच्या मोकळ्या अंगणात गेले. दात पाहिले, मिश्री लावलेली होती. आधी गाळलेल्या पिण्याच्या पाण्याने तीन-चार वेळा चूळ भरायला लावली, अगदी पाणी स्वच्छ पडेपर्यंत. मग त्यांना पायरीवर बसवलं, मी त्यांच्या पाठीमागच्या बाजूला, वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जाईल अशी उभी राहिले. ‘खोल श्वास घ्या, थोडा धरून ठेवा, सोडा. पुन्हा. आता तिसऱ्याला पोटातून खोका.’ पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला छातीत घरघर झाली आणि डबीत घट्ट, पिवळसर गोळा पडला. झाकण त्यांच्याच हाताने लगेच लावून घेतलं. सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. तोच नमुना ‘कंटॅमिनेटेड’ आला असता तर पुढचे दहा-बारा दिवस गेले असते.

आपल्याकडे मिश्री, तंबाखू, तपकीर, पान, सुपारी यांचा विचार केल्याशिवाय नमुन्याच्या सूचना पूर्ण होत नाहीत. सकाळच्या नमुन्यासाठी तर नक्कीच. डबी आदल्या दिवशी द्यायची आणि सांगायचं: उठल्यावर मिश्री नाही, तंबाखू नाही, चहा-चपाती नाही. आधी चूळ, मग बेडका, मग बाकी सगळं. अन्नाचे कण आले की जंतूंना खाद्यच मिळतं. जंतुनाशक माउथवॉश मात्र वापरू द्यायचा नाही, त्याने टीबीचे जंतूही मरू शकतात. चुळीचं पाणी पिण्याचं असावं, टाकीच्या नळाचं नको. नळाच्या पाण्यात आणि पाइपच्या आतल्या थरात टीबीच्या कुळातले पण टीबी न करणारे मायकोबॅक्टेरिया राहतात. ते स्लाइडवर टीबीसारखेच लाल दिसतात आणि कल्चरमध्येही वाढतात. याच कारणाने स्लाइड रंगवायलाही (स्टेनिंगसाठी) नळाचं पाणी थेट वापरू नये.

अजून एक सवय विचारून घ्या. काही पेशंटना वाटतं की डबी भरून दिली पाहिजे, म्हणून ते रात्री थोडं, पहाटे थोडं, सकाळी थोडं असं साठवतात. रात्रभर खोलीत राहिलेला तो पहिला थेंब सगळा नमुना नासवतो. फाल्कन ट्यूबवर (नमुन्याच्या लांबट डबीवर) खुणा असतात. ५ मिलीच्या रेषेवर बोट ठेवून दाखवा, ‘इथपर्यंत आलं तर उत्तम, ३ पर्यंतही चालेल, पण एकाच वेळचं हवं’. डबी नवीन, निर्जंतुक, स्क्रूच्या झाकणाची हवी. औषधाची धुतलेली बाटली, जुनी उकळून घेतलेली डबी, काहीही चालत नाही. झाकण उघडल्यावर ते पालथं जमिनीवर ठेवू नका, हातात धरायला सांगा, आतल्या बाजूला बोट न लावता.

आता वेळ. माझ्या अनुभवात दूषित नमुन्यांचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला १८ ते २४ तास लागतात. तोंडातल्या कित्येक जंतूंना अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटं पुरतात. कागदावर हिशेब करा: आठ तासांत अशा जंतूच्या चोवीस पिढ्या होतात, म्हणजे एकाचे दीड कोटीहून जास्त. तेवढ्या वेळात टीबीचा जंतू एकदासुद्धा दुप्पट झालेला नसतो. प्रत्यक्षात इतकं गणिती घडत नाही, पण मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे बंद खोलीत दुपारभर राहिलेली ट्यूब उघडली की वासावरूनच कळतं काय झालंय.

म्हणून नमुना हातात आल्या आल्या २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नाही. लसींच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही, नमुन्यांचा फ्रिज वेगळा. आणि कल्चरच्या लॅबमध्ये तो शक्यतो ७२ तासांच्या आत पोचला पाहिजे, तोही थंड. हे तास नमुना घेतल्यापासून मोजायचे, कुरिअरच्या हातात दिल्यापासून नाही. तुमच्या चारही नमुन्यांचे वार काढून बघा. मला शंका आहे की त्यातले निदान दोन शुक्रवार-शनिवारचे असतील. शुक्रवारी घेतलेला नमुना शनिवारी निघाला, रविवारी कुठल्या तरी ऑफिसात पडून राहिला, सोमवारी दुपारी पोचला, मंगळवारी लागला. फॉलो-अपचा पेशंट ठरलेल्या तारखेला येतो, त्याला एक-दोन दिवस अलीकडे बोलावण्यात काही अडचण नसते. कल्चरचे नमुने सोमवार ते बुधवार, फार तर गुरुवारपर्यंत घ्या. दिवाळी, गणपती, सलग सुट्या यांच्या आधी लॅबला फोन करून विचारा की त्या दिवशी नमुने लावणार आहेत का. पुणे-नागपूरच्या इंटरमीडिएट रेफरन्स लॅबसारख्या मोठ्या ठिकाणीही बॅचचे दिवस ठरलेले असू शकतात, आणि ते विचारल्याने कोणी रागावत नाही.

लांबच्या पल्ल्यासाठी काही जण सीपीसी हे भलते जंतू दाबणारं रसायन घालून नमुना पाठवतात. ते घातलं की फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, थंडीत त्याचे खडे होतात. आणि कल्चर एलजेसारख्या अंड्याच्या घट्ट माध्यमावर होणार असेल तरच ते चालतं, एमजीआयटी या दुसऱ्या पद्धतीच्या द्रव माध्यमात ते टीबीच्या जंतूंचीही वाढ दाबतं. पुढची लॅब काय वापरते ते विचारल्याशिवाय ते घालू नका.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. झाकण आट्यांत बरोबर बसवून घट्ट, त्यावर पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणाची पट्टी), ट्यूब उभी, तीन थरांचं वेष्टन, गोठवलेले जेल पॅक. नाव-नंबर ट्यूबच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. फॉर्म वेगळ्या पिशवीत. गळलेली ट्यूब शेजारच्या ट्यूबला बाहेरून माखते आणि तिथून दुसऱ्या प्रकारचं कंटॅमिनेशन सुरू होतं.

आता पुढच्या लॅबमध्ये काय होतं ते माहीत असणं तुमच्या उपयोगाचं आहे. बेडका कधीच निर्जंतुक नसतो, त्यामुळे तिथे प्रत्येक नमुन्याला सोडियम हायड्रॉक्साइड आणि एनएएलसीची प्रक्रिया देतात. एनएएलसी बेडका पातळ करतं, हायड्रॉक्साइड भलते जंतू मारतं. टीबीच्या जंतूची मेणासारखी भिंत त्याला थोडा वेळ वाचवते. थोडाच वेळ: १५ ते २० मिनिटं. मग बफर (हायड्रॉक्साइडचा जोर उतरवणारं द्रावण) घालून थांबवावं लागतं, नाहीतर टीबीचे जंतूही मरतात. म्हणजे तुमच्याकडून नासलेला नमुना आला तर त्यांना जोर वाढवता येत नाही, वाढवला तर आपण शोधतोय तेच मारून टाकू. एनएएलसी त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी वापरायचं असतं, आणि बॅच सेंट्रिफ्यूजला (ट्यूब गरगर फिरवून जंतू तळाशी बसवणाऱ्या यंत्राला) झेपेल एवढीच लावायची असते. एमजीआयटीच्या ट्यूबमध्ये पँटा नावाचं पाच औषधांचं मिश्रण घालतात, तेही उरलेल्या जंतूंना दाबण्यासाठीच. एवढं करूनही काही नमुने दूषित होतातच. एलजेवर ३ ते ५ टक्के आणि एमजीआयटीवर ८ ते १० टक्क्यांपर्यंत ते अपेक्षितच धरलेलं आहे. एखादी लॅब अभिमानाने ‘आमच्याकडे शून्य’ म्हणाली तर मला काळजी वाटते, तिथे प्रक्रिया फार कडक असून टीबीचे जंतूही मरत असण्याची शक्यता असते.

तुम्ही चार नमुने म्हणालात, कितीपैकी ते लिहिलं नाहीत. पन्नासपैकी चार असतील तर तुमचं काम ठीक चाललंय. पंधरापैकी चार असतील तर कुठेतरी गळती आहे. रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवा: नमुना घेतल्याची वेळ, फ्रिजमध्ये ठेवल्याची वेळ, निघाल्याची वेळ, आणि नमुना दिसायला कसा होता (लाळेसारखा, घट्ट, रक्ताचा, अन्नाचे कण असलेला). तीन महिन्यांत कारण तुमचं तुम्हालाच दिसेल. एखादंच उपकेंद्र निघतं, एखादाच वार निघतो, कधी एकच पेशंट पुन्हा पुन्हा निघतो ज्याला कोणी नीट समजावलेलंच नसतं.

आता दुसरा प्रकार. मी नवीन असताना एका प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे एका दिवशीच्या बॅचमध्ये तिसरी ट्यूब जोरदार पॉझिटिव्ह होती, एलजेवर जंतूंच्या वसाहतींचा (उगवलेल्या ठिपक्यांचा) गालिचा. त्यानंतरच्या चार ट्यूबांवर दोन-दोन, तीन-तीन वसाहती. चौघांचीही स्लाइड निगेटिव्ह होती. आम्ही रिपोर्ट दिले. पुढे औषध-संवेदनशीलता पाहिली तर तिसऱ्या नमुन्यात आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद न देणारा जंतू होता, आणि चौघांतही तोच. चार वेगवेगळ्या गावांचे चार लोक. बफर ओतताना मोठ्या बाटलीचं तोंड तिसऱ्या ट्यूबच्या काठाला लागलं होतं, आणि मग तीच बाटली ओळीने पुढे फिरली. चौघांपैकी एकीला औषधं सुरू झाली होती. तिसऱ्या आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले, औषधांनी यकृताला सूज आली होती. ती बरी झाली. पण तिला टीबी नव्हताच, आणि तो आमच्या टेबलावरून तिच्या कागदावर गेला होता. ती बॅच मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी काही गोष्टी कधी सोडल्या नाहीत. एका वेळी एकच ट्यूब उघडी. बफर आणि रसायनं दिवसापुरत्या छोट्या भागांत, शक्य तर प्रत्येक नमुन्याला वेगळी ट्यूब, उरलेलं टाकून द्यायचं. ओतताना काठाला काठ लागू द्यायचा नाही. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर पाच मिनिटं झाकण न उघडता थांबायचं, तुषार खाली बसू द्यायचे. जे नमुने आधीपासून पॉझिटिव्ह माहीत आहेत ते बॅचच्या शेवटी. आणि सगळ्यात शेवटी एक कोरी ट्यूब, नुसतं निर्जंतुक पाणी किंवा बफर घातलेली, बाकीच्यांसारखीच सगळ्या पायऱ्यांतून नेलेली. त्या कोऱ्या ट्यूबमध्ये काही उगवलं तर अख्ख्या बॅचवर प्रश्नचिन्ह. आमच्याकडे त्या दिवशी ती असती तर चार रिपोर्ट बाहेर गेले नसते.

तुमच्या ट्रूनॅटकडे येते. हे यंत्र गोव्यात बनतं आणि तालुक्यापर्यंत पोचलं, याचा मला फार आनंद आहे, कारण पूर्वी याच पेशंटना जिल्ह्याला जावं लागायचं. सीबीनॅट या डीएनए शोधणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये नमुना एकदा गेला की पुढचं सगळं बंद डबीत होतं. ट्रूनॅटमध्ये मात्र तुमचे हात दोन ठिकाणी मध्ये येतात: बेडका पातळ करून ड्रॉपरने घेताना, आणि निघालेल्या डीएनएतले ६ मायक्रोलिटर उचलून छोट्या मायक्रोट्यूबमध्ये आणि तिथून चिपवर (जिच्यावर यंत्र डीएनए शोधतं) टाकताना. बाईंच्या बाबतीत गडबड झाली असेल तर याच दोनपैकी एका ठिकाणी.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्पिरिटने टेबल पुसलं की टीबीचा जंतू मरतो, पण त्याचा डीएनए तसाच राहतो, आणि ट्रूनॅट डीएनएच शोधतं. डीएनए तोडायला हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) लागतं, रोज ताजं केलेलं, कारण ते ठेवून ठेवून निकामी होतं. आधी हायपोक्लोराइटने पुसा, पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग स्पिरिटने, म्हणजे पत्रा गंजणार नाही. प्रत्येक नमुन्यानंतर हातमोजे बदला. निदान ‘हाय’ आल्यावर तरी बदलाच, पण ‘हाय’ आहे हे तुम्हाला तासाभराने कळतं, म्हणून प्रत्येक वेळी बदलणंच बरं. फिल्टरचे टिप वापरा. वापरलेली चिप, टिप, मायक्रोट्यूब न उघडता, न पुसता हायपोक्लोराइटच्या डब्यात. चिपमध्ये त्या क्षणी डीएनएच्या अगणित प्रती असतात, मूळ बेडक्यात असतील त्याच्या कितीतरी पट. बेडका हाताळायचं टेबल आणि चिप भरायचं टेबल वेगळं ठेवा, जागा नसेल तर निदान टोकं वेगळी, आणि हात एकाच दिशेने जाऊ द्या: बेडक्याकडून चिपकडे, उलट नाही. आठवड्यातून एकदा नमुन्याऐवजी निर्जंतुक पाणी घालून पूर्ण चाचणी चालवा. चिप खर्च होते म्हणून अधिकारी कुरकुरतील, पण मागून घ्या.

स्लाइडचं काम करत असाल तर एवढंच: जुनी धुतलेली स्लाइड वापरू नका, प्रत्येक नमुन्याला नवी काडी, तेलाच्या बाटलीचं टोक स्लाइडला टेकवू नका, आणि स्लाइड एकत्र बरणीत बुडवून रंगवू नका.

बेडक्याव्यतिरिक्त नमुने आले तर एक चूक सगळीकडे दिसते: गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये. त्यात जंतू मरतात, कल्चर संपलं. ऑपरेशन थिएटरला आधीच निर्जंतुक सलाइनची छोटी बाटली देऊन ठेवा आणि तुकड्याचे दोन भाग करायला सांगा, एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, एक सलाइनमध्ये तुमच्याकडे. लहान मुलांच्या जठरातलं पाणी काढलं असेल तर त्यातलं आम्ल लगेच सोडियम बायकार्बोनेटने शमवावं लागतं.

आता त्या बाई. रिपोर्ट तुम्ही परस्पर रद्द करू नका, आणि नुसता ‘पॉझिटिव्ह’ म्हणून पुढेही ढकलू नका. आजच मेडिकल ऑफिसरना भेटा आणि त्या दिवशीचा क्रम दाखवा. बाईंना एक नेमका प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत टीबीची औषधं घेतली होती का? घेतली असतील तर हे कंटॅमिनेशन नसेलही. बरं झालेल्या माणसाच्या छातीत मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ राहतो आणि ‘व्हेरी लो’ म्हणून दिसतो. घेतली नसतील तर नवीन नमुना, त्या दिवसाची पहिली चाचणी म्हणून, पुसलेल्या टेबलावर, आणि त्याच वेळचा दुसरा नमुना कल्चरला. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आलं तरी त्यांना सोडून देऊ नका, ज्या खोकल्यासाठी त्या आल्या होत्या तो पुन्हा सुरू झाला का ते बघायला महिन्याने बोलवा. थोडे जंतू असलेला खरा टीबीही असाच दिसतो.

आणि त्या आजोबांना पुढच्या वेळी सोमवारी किंवा मंगळवारी बोलवा. डबी आदल्या आठवड्यातच आशाताईंबरोबर घरी पाठवा, चूळ कशी भरायची ते ताईंना करून दाखवा, आणि आजोबा सकाळची पहिली एसटी धरणार असतील तर निघण्याच्या तोंडावर बेडका द्यायला सांगा, पहाटे चारला नाही. ट्यूब जेल पॅक असलेल्या पिशवीत आणायची. त्यांनी ती तुमच्या हातात दिली की झाकण न उघडता आतला नमुना उजेडात धरून बघा. लाळ दिसली तर ते तिथे असतानाच अंगणात नेऊन दुसरा घ्या.